तहानेची जबानी

दारी आलेल्याला आधी तांब्याभर पाणी द्यावे आणि मग त्याच्या येण्याचे प्रयोजन विचारावे, हा आपल्या घरांचा जुना शिरस्ता आहे. तो सर्वांना सारखाच लागू नव्हता, हेही प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. परंतु स्वतःच्या लेकराला पाणी नाकारणारे घर मात्र कोठेही आढळणार नाही, आणि मागणारे लेकरू जर दीड-दोन वर्षांचे, ‘पाणी’ हा शब्दही धड न उच्चारता येणारे असेल, तर त्याने दाखविलेल्या बोटासरशी भांडे पुढे होते. तहान ही आपल्याला इतकी निर्दोष, इतकी पवित्र वाटते की तिच्याकडे संशयाने पाहण्याचे कोणाच्याही मनात येत नाही; आणि माझ्या मते याच कारणाने एका गंभीर व्याधीची पहिली फिर्याद कित्येक घरांतून दप्तरी दाखल होण्यापूर्वीच निकालात निघते.

मुळशी तालुक्यात हा विचार मनात घोळू लागला, याला तसेच कारण आहे. येथील धरणाचे अफाट पाणी सह्याद्री ओलांडून भिऱ्याच्या वीजगृहाकडे जाते, आणि त्याच डोंगरांवरील वाड्यावस्त्यांतील बाया चैत्र-वैशाखात हंडा डोक्यावर घेऊन चढण चढतात. ज्या घरात प्रत्येक तांब्यामागे अशी पायपीट असते, तेथे मूल नेहमीपेक्षा अधिक पाणी पिऊ लागले हे आईला दोन दिवसांत उमगते. याच तालुक्यातील हिंजवडीच्या उंच इमारतींत, जेथे तोटी फिरवताच पाणी येते आणि बाळाच्या हाती दिवसभर बाटली असते, तेथे मोजण्याचे कारणच उरत नाही.

एक ते तीन वर्षांच्या मुलाला दूध व इतर पेये धरून दिवसाकाठी साधारण एक ते सव्वा लिटर द्रव पुरतो. ऊन, ताप, खारट खाऊ यांनी हे मान वाढते. बाटलीतील गोड सरबताची चटक लागलेले मूलही सारखे मागत राहते. असे मूल जर हसत-खेळत असेल, अंगाने भरत असेल आणि रात्री पाण्याविना स्वस्थ झोपत असेल, तर बहुधा काळजीचे कारण नसते. जुलाब-वांत्यांनी कोरड पडलेल्या मुलाची गोष्ट वेगळी: त्याला तहान असते, पण लघवी तुटपुंजी होते, डोळे खोल जातात, रडताना अश्रू येत नाहीत, त्याला जलसंजीवनी घोट-घोट पाजीत दवाखाना गाठावा. खरी चिंता वाटावी ती पाणीही पुष्कळ आणि लघवीही पुष्कळ, या जोडीची, कारण ती मधुमेहाची खूण असू शकते.

येथेच घरातील वडीलधाऱ्यांची एक तर्कपद्धती आड येते. ‘इतके पाणी पितो, मग अंथरूण भिजणारच,’ असे आजी म्हणते, आणि संध्याकाळनंतर पाणी बंद करण्याचा हुकूम सुटतो. परंतु मधुमेहात कार्यकारणाचा क्रम नेमका उलटा असतो. स्वादुपिंडातून इन्सुलिन पाझरेनासे झाले की साखर रक्तातच साचते, मर्यादेपलीकडे गेली की मूत्रपिंडातून बाहेर पडते, आणि जाताना शरीरातील पाणी आपल्याबरोबर ओढून नेते. मूल पिते म्हणून मुतत नाही, मुतते म्हणून पिते. चरकसंहितेने मूत्राकडे धावणाऱ्या मुंग्यांची नोंद करून ठेविली आहे, आणि लंगोटाभोवती मुंग्या जमल्याचे सांगणाऱ्या आईचे म्हणणे आजही हसण्यावारी नेण्याजोगे नाही. मेंदूच्या तळाशी असणाऱ्या पोष ग्रंथीच्या वा मूत्रपिंडाच्या एका विरळ विकारात साखरेचा संबंध नसताही पाण्यासारखी स्वच्छ लघवी अखंड होत राहते. तेथे पाणी तोडणे तर जिवावरच बेतू शकते.

1921 च्या एप्रिलात, रामनवमीच्या दिवशी, मुळशीच्या याच खोऱ्यात धरणाखाली जमिनी बुडू नयेत म्हणून सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे सेनापती बापटांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट हे संशोधक इन्सुलिनच्या शोधात गुंतले होते. 1922 च्या जानेवारीत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला ते टोचले गेले आणि तो जगला. त्यापूर्वी या व्याधीच्या मुलांना उपाशी ठेवून मरण थोडे लांबविण्यापलीकडे वैद्यकाच्या हाती काही नव्हते. सत्याग्रहींची फिर्याद सरकारने मानली नाही आणि गावे पाण्याखाली गेली, ही खंत मला आजही सलते. मुलाच्या देहाची फिर्याद मात्र आता मानता येते, तिचा निकालही त्याच्या बाजूने लागू शकतो, अट इतकीच की ती वेळेत पोहोचावी.

म्हणून मूल रात्री पाण्यासाठी वारंवार उठू लागले, कोरडे झोपणारे पुन्हा अंथरूण ओले करू लागले, खाऊन-पिऊनही वाळत चालले वा मलूल दिसू लागले, तर त्याच दिवशी तपासणी व्हावी. बोटाच्या टोकावरील एका थेंबाने काही सेकंदांत साखर कळते. उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, तोंडाला फळासारखा गोडसर वास, गुंगी, यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहू नये, 108 क्रमांकावर गाडी बोलवावी. लहानग्यांत ही लक्षणे छातीच्या वा पोटाच्या दुखण्यासारखी भासतात आणि मूळ कारण सहज निसटते. अशा वेळी दवाखान्यात शिरताच आईने आपला हिशेब आधी सांगावा, ‘काल रात्री चार वेळा उठला, सहा भांडी प्याला, पाच दुपटी बदलली’, आणि समोरच्याने तो तिच्याच शब्दांत केसपेपरवर उतरवून घ्यावा.