वाद्य नेणारे आणि वाद्याकडे जाणारे

पियानोवर राग वाजवल्याची एखादी चित्रफीत गाजली की जुना युक्तिवाद नव्याने ऐकू येतो. पियानोवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं) निघत नाही, म्हणून तो आपला झाला नाही, आणि म्हणून आपल्याकडे मैफलीचा पियानोवादक घडला नाही. यातलं पहिलं विधान खरं आहे. पुढचे दोन्ही ‘म्हणून’ मला पोकळ वाटतात.

संतूरवर तरी मींड कुठे होती? शिवकुमार शर्मांनी १९५५ साली मुंबईत ते वाजवलं तेव्हा जाणकारांनी हाच आक्षेप घेतला होता. पुढे त्यांनी तारेवर कलम सरकवत सूर सुराला जोडायची युक्ती शोधली. पेटीवर तर आकाशवाणीने १ मार्च १९४० पासून बंदी घातली आणि ती तीन दशकं चालवली. तरी गोविंदराव टेंब्यांची पेटी महाराष्ट्र विसरला नाही. आणि मुळात बाख किंवा शोपँ वाजवायला मींड लागतेच कशाला? पियानोवादकाला मारवा वाजवायला लावायचा आणि जमला नाही की नापास करायचं, ही कुठली परीक्षा? रुद्रवीणेवर फ्यूग का वाजत नाही, असं कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

वाद्य साहेबाचं होतं म्हणावं, तर व्हायोलिनही साहेबाचंच. श्रोते नव्हते म्हणावं, तर डोव्हर लेनच्या संगीत परिषदेला रात्रभर बसणाऱ्या कोलकात्याला कानांची वाण आहे, असं कोण म्हणेल?

कोलकात्यात पियानो उपराही नव्हता. टागोरांच्या जोडासांकोच्या वाड्यात थोरले बंधू ज्योतिरिंद्रनाथ पियानोवर चाली बांधत आणि धाकटे रवींद्रनाथ त्यांत शब्द बसवत. (याच रवींद्रनाथांना पुढे पेटी सहन होईना, ही गंमत वेगळी.) १९१५ मध्ये फिलिप सांद्रे यांनी कलकत्ता स्कूल ऑफ म्युझिक काढलं. म्हणजे घरात पियानो होता, शाळेतही होता.

मग अडलं कुठे? दोन माणसं शेजारी ठेवून पाहू. वि. गो. जोग आणि व्ही. बालसारा, दोघांचाही जन्म १९२२चा. एक मराठी, दुसरे मुंबईचे पारशी. दोघंही कोलकात्यात स्थिरावले आणि तिथेच अनुक्रमे २००४ आणि २००५ मध्ये वारले. जोगांनी व्हायोलिन देशभरच्या संगीतसभांत नेलं, बिस्मिल्ला खाँसाहेबांबरोबर जुगलबंदी केली. बालसारा १९५४च्या सुमारास मुंबईहून आले. त्यांची पियानोवर विलक्षण हुकमत होती, पण आयुष्य गेलं ते मुख्यतः सिनेसंगीत, वाद्यवृंद आणि रवींद्रसंगीताच्या ध्वनिमुद्रणांत. बेथोवनची मैफल करायची त्यांची इच्छा होती, असा माझा दावा नाही. कदाचित नसेलही. पण इच्छा असती तरी काय झालं असतं?

जोग व्हायोलिनची पेटी काखोटीला मारून गाडीत बसू शकत. पियानोवादकाला मात्र जिथे पियानो असेल तिथे जावं लागतं. मैफलीचा ग्रँड पियानो अर्ध्या टनाच्या आसपास भरतो. त्याच्या दोनशेवर तारांचा मिळून ताण वीस टनांच्या घरात जातो. बंगालच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि सूर ढळतो. तो पुन्हा लावणारा कारागीर हवा, सभागृहाने त्याला वेळेवर बोलवायला हवं, आणि त्या वाद्यावर हार्मोनियमचा डबा नि चहाचे कप ठेवले जाणार नाहीत, एवढी काळजी घ्यायला हवी. व्हायोलिनवादकाचं वाद्य तो स्वतः जपतो, पियानोवादकाचं वाद्य शहराने जपायचं असतं. बालसारांना पियानो मिळत राहिला तो मुख्यतः स्टुडिओत, आणि कारकीर्दही तिथेच घडली. मला तरी यात योगायोग दिसत नाही.

यावर हमखास उत्तर येतं की आता डिजिटल पियानो उचलून नेता येतो. शिकायला तो उत्तमच. पण पेडल दाबल्यावर सगळ्या तारा मिळून ज्या घुमतात, त्या घुमण्यावर शोपँचं निम्मं लेखन उभं आहे, आणि डिजिटल पियानोत ती घुमणारी तारच नसते. त्यामुळे होतकरू वादकाच्या हातात मींड आहे का, यापेक्षा आपल्या सभागृहातला पियानो शेवटचा सुरात कधी लावला होता, हे मी आधी विचारेन.