नॉर्मनांच्या माथी मारलेला बदल

१०६६ साली हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मन जिंकले, दरबारात फ्रेंच आली आणि तिच्या दडपणाखाली इंग्रजीचे व्याकरण मोडले, ही कथा इतकी सुटसुटीत आहे की तिच्यावर शंका घ्यायला सहसा कोणी थांबत नाही. व्याकरण बदलले हे खरेच. जुन्या इंग्रजीत मराठीसारखी तीन लिंगे होती. सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी आणि बाईसाठी वापरला जाणारा 'वीफ' हा शब्द चक्क नपुंसकलिंगी. कर्ता कोण आणि कर्म कोणते हे बरेचसे विभक्तिप्रत्ययांवरून कळे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर लिहीत होता, तोवर यातले फार थोडे शिल्लक होते. वाद आहे तो खापर कोणावर फोडायचे याचा.

यात सर्वांत बोलका पुरावा पीटरबरोच्या मठातल्या बखरीचा. १११६ च्या आगीत मठ जळाला. पुढे तिथल्या भिक्षूंनी दुसरीकडून एक बखर मिळवली, ११२१ पर्यंतचा मजकूर उतरवून घेतला आणि नंतरच्या नोंदी आपल्याच भाषेत घातल्या. उतरवलेला बहुतेक मजकूर वेसेक्सच्या वळणाच्या जुन्या प्रमाण इंग्रजीत आहे. ११५४ ला संपणारा शेवटचा भाग उघडला की भाषा ओळखू येत नाही. लिंग-विभक्तीप्रमाणे 'से', 'सेओ', 'थॅत', 'थोने' अशी रूपे बदलणाऱ्या शब्दाच्या जागी आता बहुतेक ठिकाणी एकटा 'थे' उभा आहे. आजच्या 'द'चा हा पूर्वज. लिंगभेद जवळजवळ संपला आहे. आणि याच भागात फ्रेंच शब्द मात्र मोजके, तुरुंग, बुरूज, खजिना अशा अर्थाचे. म्हणजे घर आतून बदलून गेले तेव्हा पाहुणा उंबरठ्यावरच होता. फ्रेंच शब्दांचा लोंढा आला तो तेराव्या शतकाच्या मध्यानंतर, सरदार मंडळी स्वतःच इंग्रजीकडे वळू लागली तेव्हा.

यावर कोणी म्हणेल, शब्द आले नसले तरी नव्वद वर्षांच्या परकी सत्तेने भाषा खिळखिळी केलीच असेल. पण लिंडिसफार्नच्या लॅटिन शुभवर्तमानांत ओळींच्या मध्ये लिहिलेला इंग्रजी अर्थ दहाव्या शतकातला आहे, आणि प्रत्ययांचा गोंधळ तिथेच दिसतो. भूगोलही उलटी साक्ष देतो. प्रत्यय आधी गळाले उत्तरेत; फ्रान्सला सर्वांत जवळच्या केंटमध्ये १३४० च्या ग्रंथातही जुन्या रूपांच्या खुणा टिकून आहेत. राजभाषा शब्द देते, पण तेवढ्याने प्रत्यय गळतात असे नाही. बहमनी काळापासून फारसीने मराठीला ढीगभर शब्द दिले, तरी आपली तीन लिंगे आणि विभक्ती जागच्या जागी राहिल्या.

मग कारण काय? उत्तर-पूर्वेत वसलेल्या डेन लोकांची नॉर्स भाषा इंग्रजीची सख्खी बहीण होती. दोन्हींत धातू सारखे, शेवट वेगळे. रोजच्या देवघेवीत गैरसमज करणारे शेवट लोकांनी गिळून टाकले असणार. हा तर्क मला पटतो, पण अर्धाच, कारण तो लिंडिसफार्नचा अर्थ जिथे लिहिला गेला, त्या चेस्टर-ले-स्ट्रीटच्या परिसरात डेन वस्ती दाट नव्हती. शब्दाच्या पहिल्या भागावर जोर देऊन शेवट पुटपुटण्याची खोड इंग्रजीत मुळातच होती. नॉर्सच्या सहवासाने तिला वेग दिला. नॉर्मनांकडे एवढाच वाटा येतो की त्यांनी जुनी लेखी प्रमाणभाषा निराधार केली, आणि लोकांच्या तोंडी आधीच झालेला बदल कागदावर उतरायला मोकळा झाला.

आजच्या इंग्रजीतले 'दे', 'देअर', 'देम' हे तिन्ही शब्द नॉर्सचे. फ्रेंचकडून इंग्रजीने हजारो शब्द उचलले, पण त्यात पुरुषवाचक सर्वनाम एकही नाही.