कपाळावरची राख, माळावरची राख



राखेच्या बुधवारी आपण कपाळावर राख लावून घेतली. दुसऱ्याच दिवशी गावामागचा माळ काळा झाला. कोणीतरी बांध पेटवला, दुपारी वारा सुटला आणि आग माळावरून थेट वस्तीपर्यंत आली. आपल्या एका विधवा बहिणीची कडब्याची गंज जळाली. दोन म्हशींचा पावसाळ्यापर्यंतचा चारा होता तो. तरुणांनी लिंबाच्या डहाळ्यांनी आग झोडपली म्हणून गोठा तरी वाचला. देव त्यांचे भले करो.

गेल्या रविवारी मिस्सानंतर मी विचारले, काडी कोणी लावली? उत्तर आले, "फादर, वणवा होता." जणू वणवा पावसासारखा आभाळातून येतो! आपल्याकडचा माळ बहुतेक वेळा माणसाच्याच हातून पेटतो. कोणी बांध जाळतो, कोणी विडीचे थोटूक टाकतो, कोणी मोहोळ काढायला धूर करतो.

जाळले की गवत चांगले येते, असे आपण वाडवडिलांपासून ऐकतो. पण कुसळीचे बी पीळ घेत मातीत शिरते आणि आगीतून वाचते. म्हणून वरचेवर जाळलेल्या माळावर कुसळच माजते, तीच गुरांच्या तोंडात टोचते. उघड्या उतारावरची माती पहिल्या पावसात ओढ्याला जाते. उघड्यावर अंडी घालणाऱ्या टिटवीचे काय होत असेल, ते वेगळे सांगायला नको.

निर्गमच्या २२व्या अध्यायात नेमका हाच प्रसंग आहे. आग काटेरी झुडपांत पसरली आणि दुसऱ्याच्या सुड्या, उभे पीक किंवा शेत जळाले, तर आग लावणाऱ्याने भरपाई द्यायची. मुद्दाम लावली की हातून निसटली, हे तिथे विचारलेलेच नाही. ख्रिस्तसभेची शिकवणही अशीच आहे. पापनिवेदनात क्षमा मिळते, पण शेजाऱ्याचे नुकसान होता होईल तेवढे भरून द्यावेच लागते. जक्कय चौपट द्यायला तयार झाला होता. मी चौपट मागत नाही.

आमचाही दोष सांगतो. चर्चच्या आवारातला पाला आम्ही गेल्या वर्षीपर्यंत भर दुपारी जाळत होतो. आता तो खड्ड्यात कुजवतो.

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याच्या हिशेबी वणव्याचा काळ. एवढे दिवस बांध जाळू नका, कापा. गंजीभोवतीचे गवत खरवडून दहा-पंधरा फूट जमीन मोकळी ठेवा. आग झोडपताना जळून गेलेल्या बाजूला उभे राहा. चढावर आगीच्या वरच्या अंगाला कधीच जाऊ नका. चढावर ती माणसाला गाठते. जंगलाच्या हद्दीत आग दिसली तर वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा.

त्या बहिणीसाठी आपण कडबा जमवत आहोत. येत्या शनिवारी संध्याकाळी पाचपासून चर्चमागच्या पडवीत पेंढ्या आणून ठेवाव्यात. दाराशी कोणी बसणार नाही, नावे लिहून घेतली जाणार नाहीत. त्याच वेळी मी पापनिवेदनासाठी चर्चमध्ये असेन.

आपला धर्मगुरू