रूपांतर आणि प्रक्षेप : चित्रपटाच्या स्वतंत्रतेविषयी

कादंबरी, नाटक किंवा चित्रमालिका यांवरून चित्रपट निघाला की समीक्षेत एक प्रश्न ठरल्यासारखा येतो : मग यात दिग्दर्शकाचे स्वतःचे ते काय? या प्रश्नामागे स्वतंत्रतेची एक विशिष्ट कल्पना गृहीत धरलेली असते. जे कोणाकडून घेतलेले नाही ते स्वतंत्र, ही ती कल्पना. ती इतकी सरावाची झाली आहे की ती आपल्या वाङ्मयपरंपरेत फार जुनी नाही, याचा विसर पडतो.

महाड तालुक्यातील शिवथरच्या घळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी सांप्रदायिक श्रद्धा आहे. वरंध घाटाखालची ही घळ तीच, असा निर्णय शं. श्री. देव यांनी १९३० साली दिला. वीस दशकांच्या आणि दोनशे समासांच्या या ग्रंथाचा पहिलाच समास प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. आपण कोणकोणत्या ग्रंथांच्या आधारे बोलत आहोत, याची यादीच तेथे ग्रंथकाराने दिली आहे. उपनिषदे, वेदान्त, नाना गीता अशी नावे एकामागून एक येतात. हा ग्रंथ जो खोटा म्हणेल त्याला ते सारे ग्रंथही खोटे म्हणावे लागतील, असेही बजावले आहे. त्याच ओघात आत्मप्रचीतीचा आधारही सांगितला आहे. उसने घेतल्याची कबुली आणि स्वानुभवाचा दावा एकाच श्वासात येतात, आणि त्यांत काही विसंगती आहे असे ग्रंथकाराला वाटत नाही. आपल्याला ती वाटते. ती का वाटावी, हा खरा विचारणीय प्रश्न आहे.

जुन्या परंपरेला मर्यादा नव्हत्या असा याचा अर्थ नव्हे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये, असा कडक इशारा दिला. याच एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावर विस्तृत टीका लिहिली आणि भावार्थरामायणात रामकथा आपल्या परीने मांडली. एकीकडे दुसऱ्याच्या ग्रंथावर स्वतःचा ग्रंथ उभारण्याची पूर्ण मोकळीक आणि दुसरीकडे दुसऱ्याच्या ग्रंथात एक ओवीही घुसडण्यास मज्जाव. यात नैतिक निकष स्पष्ट आहे. आपल्या नावावर, आपल्या जबाबदारीवर केलेले ते रूपांतर. दुसऱ्याच्या नावाखाली दडवलेले तो प्रक्षेप. घेतले किती, हा येथे मुख्य मुद्दाच नाही.

या दोहोंच्या जोडीला तिसरा प्रकार आहे तो अपहाराचा, आणि त्याचे उत्तम चित्रण एका मराठी चित्रपटातच सापडते. दामले आणि फत्तेलाल दिग्दर्शित ‘संत तुकाराम’ (प्रभात, १९३६) मधला सालोमालो तुकारामांचे अभंग आपले म्हणून मिरवतो आणि वर तुकारामांवरच चोरीचा आळ घेतो. खुद्द तुकारामांनीही या सालोमालोविषयी तक्रार केलेली आहे. परंतु याच चित्रपटात शांताराम आठवले यांनी लिहिलेले, बीज आणि वृक्ष यांचा दृष्टान्त असलेले एक पद तुकारामांच्या तोंडी आहे. ते इतके बेमालूम उतरले की अनेकांनी ते तुकारामांचेच मानले. सालोमालोने दुसऱ्याच्या शब्दांवर स्वतःचे नाव घातले. आठवले यांनी आपल्या शब्दांना दुसऱ्याचा मुखवटा चढवला. मग दुसरी कृती निर्दोष कशी? माझ्या मते याचे उत्तर एका लहानशा तपशिलात आहे. त्या पदात तुकारामांची नाममुद्रा नाही. कवीने शैली घेतली, भाव घेतला. स्वाक्षरी मात्र घेतली नाही. शिवाय चित्रपटातला तुकाराम हे पात्र आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते (निदान असावे, अशी अपेक्षा असते).

कायदा याहून ढोबळ विचार करतो. ‘आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स’ या खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने नाटककाराचा दावा फेटाळला आणि कल्पनेवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो, तो तिच्या आविष्कारावर असतो, हे तत्त्व मांडले. समीक्षेला तेवढ्यावर थांबता येत नाही. तिच्या कामी आनंदवर्धन अधिक येतो. ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतात त्याने काव्याकाव्यांतील साम्याचे तीन प्रकार सांगितले आहेत : प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि दोन सदृश देहधाऱ्यांसारखे. पहिली दोन त्याज्य. तिसरे नाही, कारण तेथे देह सारखा दिसला तरी आत्मा वेगळा असतो.

चित्रमालिकेवरील चित्रपटाला हा निकष लावून पाहण्याजोगा आहे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये येऊ लागला, २०१२ साली श्रीरंग गोडबोले यांनी त्यावर चित्रपट केला. वृत्तपत्रातल्या चिंटूचे सारे सामर्थ्य तीन-चार चौकटींत आणि त्याहून अधिक त्या चौकटींमधल्या कोऱ्या जागेत होते. तो वर्षानुवर्षे वाढत नाही, काही शिकत नाही. उद्याच्या अंकात तो कालचाच असतो. चित्रपटाला हे परवडत नाही. त्याला दोन तासांचे कथानक लागते, म्हणून मुलांच्या मैदानावर संकट येते, खलपात्र येते, शेवट येतो. येथे दिग्दर्शकाने रेखाचित्रातला चिंटू हुबेहूब उभा केला की नाही, ही तपासणी प्रतिबिंबाची आहे आणि तीत फारसे हाती लागत नाही. काळ ज्याला शिवत नाही अशा मुलाला काळात आणल्यावर त्याचे काय होते, या प्रश्नाला चित्रपट भिडला का, हे विचारले पाहिजे. माझे मत असे की तो भिडला नाही. त्याने चांगली बालसाहसकथा दिली, आणि केशभूषेतले साम्य त्या मानाने फारच काळजीने सांभाळले.

याउलट ‘सिंहासन’ (१९७९) पाहावा. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या विजय तेंडुलकरांनी एका पटकथेत गुंफल्या आणि जब्बार पटेलांनी त्या पडद्यावर आणल्या. वाक्यावाक्याच्या निष्ठेने पाहू गेल्यास हे मोठेच स्वातंत्र्य आहे. तरीही तो प्रक्षेप ठरत नाही, कारण दोन कादंबऱ्या शेजारी ठेवल्यावर पत्रकार दिगू टिपणीस हाच सत्तेचा साक्षीदार ठरतो, हे चित्रपटाने केलेले वाचन आहे, आणि ते उघडपणे केले आहे.

यावर एक आक्षेप येईल. हस्तलिखितात घुसलेली ओवी ग्रंथाच्या देहातच शिरते. चित्रपटाने काहीही केले तरी कादंबरी कपाटात जशीच्या तशी राहते. मग प्रक्षेपाची भीती कशाला? पण ग्रंथ केवळ कपाटात नसतो, वाचणाऱ्याच्या स्मरणातही असतो. शिवथरच्या घळीत आज समर्थ सांगत आहेत आणि कल्याण लिहीत आहेत, असे शिल्प आहे. चित्रकथेतल्या चौकटीप्रमाणे ते एकच क्षण दाखवते. दासबोधाच्या आधीचा ‘एकवीस समासी’, रचनेचा दीर्घ काळ, यांतले काही त्या चौकटीत मावत नाही; आणि घळ पाहून आलेला वाचक पुढे ग्रंथ उघडतो तो त्या चौकटीसह. शिल्पकाराने ग्रंथातले अक्षरही बदललेले नाही. आठवल्यांचे नावही प्रभातच्या श्रेयनामावलीत होतेच; ते पद तुकारामांचे म्हणून भजनात गाणाऱ्यांनी ते वाचले नव्हते, इतकेच.