नकार आणि अधिकार

मोपाच्या पठारावरील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून 5 जानेवारी 2023 रोजी विमाने उडू लागली आणि पेडणे तालुक्यात एका जुन्या प्रश्नाला नवी धार आली. विमानतळाच्या आणि पर्यटनाच्या आधाराने चालणारी बरीच कामे पगाराची नाहीत. टॅक्सीचे भाडे, लग्नाचे फोटो, हॉटेलची वेबसाइट, जाहिरातीचा मजकूर ही सगळी कामे बोलावणे आले तरच मिळतात. या भागाला हे नवे नाही. दशावतारी नट, कीर्तनकार, भजनीबुवा पिढ्यान्‌पिढ्या बोलावण्यावरच जगत आले. यंदा जत्रेला का बोलावले नाही, याचे कारण मात्र त्यांना गावात चार घरे फिरून कळत असे. आजच्या फ्रीलान्सरने पाठवलेल्या कोटेशनला उत्तरच येत नाही, आणि त्या गप्प राहण्याला चेहराही नसतो. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालाने देशात 2020-21 मध्ये असे सुटे काम करणारे 77 लाख लोक असल्याचा अंदाज दिला आणि 2029-30 पर्यंत ते 2 कोटी 35 लाख होतील असे म्हटले. इतक्या लोकांच्या वाट्याला नकार रोजचाच येणार असेल, तर त्याचा अर्थ काय लावायचा हा केवळ धंद्याचा प्रश्न उरत नाही. नकार हा माणसाच्या लायकीवरचा निवाडा आहे, नशीब आहे, की अन्याय?

आपल्याकडे यावर हातासरशी दिला जाणारा उपदेश म्हणजे गीतेचा: कर्म कर, फळाची आशा धरू नकोस. गाडीचा हप्ता डोक्यावर असलेल्या माणसाला तो क्रूर वाटला तर नवल नाही. बेपर्वाई संन्याशाला परवडते, संसाऱ्याला नाही, हा आक्षेप खरोखर वजनदार आहे. विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला ज्यांचे नाव दिले आहे, त्या सोहिरोबानाथ आंबिये यांचेच उदाहरण घ्या. 1714 मध्ये बांद्याला जन्मलेल्या या संतकवीने कुलकर्णीपण सोडले, उत्तरेकडे भ्रमण केले आणि महादजी शिंद्यांच्या दरबारी, आपल्याला कुणाची गरज नाही, असे पदातून सुनावले, ही कथा परंपरेने जपली आहे. ती ऐकायला स्फूर्तिदायक आहे, पण त्यांनी गरजा आधी सोडल्या आणि मग आश्रय नाकारला, हा क्रम विसरून चालणार नाही. ज्याच्या घरी शाळेची फी भरायची आहे, त्याला हा क्रम पाळता येत नाही. म्हणून सोहिरोबांची बेपर्वाई फ्रीलान्सरला जशीच्या तशी लागू करणे ही त्याची थट्टा ठरेल.

गीतेचा उपदेश मात्र संन्याशाला केलेला नाही. तो रणांगणावर उभ्या असलेल्या, राज्य आणि नातीगोती दोन्ही पणाला लागलेल्या गृहस्थाला केलेला आहे, आणि त्याला रण सोडू दिलेले नाही. फळ नकोसे वाटू दे, असे तिथे म्हटलेले नाही. तिथे अधिकाराची सीमा आखली आहे: कर्म तुझ्या हातात, फळ नाही. एपिक्टेटस हा गुलामीत जन्मलेला ग्रीक तत्त्वज्ञही, आपल्या हातातले आणि हाताबाहेरचे वेगळे करणे, हीच शहाणपणाची पहिली पायरी मानतो. एक गुलाम आणि एक राजपुत्र, दोघांच्या परिस्थितीतून तीच सीमा पुढे येते, तेव्हा तिला केवळ सुखवस्तूंचे तत्त्वज्ञान म्हणता येत नाही. ती फ्रीलान्सरच्या कामाला लावली की चित्र स्वच्छ होते. काम किती नीट करायचे, दर काय सांगायचा, मुदत कशी पाळायची हे त्याच्या अधिकारात येते. क्लायंटचे बजेट, त्याच्या भाच्याने अर्ध्या किमतीत घेतलेले काम, ऐनवेळी रद्द झालेला समारंभ हे त्याच्या अधिकारात येत नाही. नकार देणाऱ्याला बहुतेक वेळा समोरच्या माणसाबद्दल दोन पाने आणि एक आकडा एवढेच माहीत असते. एवढ्या पुराव्यावर कुणाच्या लायकीचा निवाडा होऊच शकत नाही. नकार एका व्यवहाराला असतो, आणि तो स्वतःवर ओढवून घेणे ही वेदना असली तरी आधी तर्काची चूक आहे.

यावर कुणी म्हणेल, असे मानले तर माणूस सुधारणार कसा? प्रत्येक नकार परिस्थितीच्या माथी मारला की स्वतःचे दोष दिसेनासे होतात. हा धोका खरा आहे, पण अनासक्तीने तो वाढत नाही, कमी होतो. नकार हा स्वतःवरचा घाव मानणारा माणूस त्याकडे नीट पाहूच शकत नाही. तो रागावतो, किंवा खचून दर पाडतो. लायकीचा प्रश्न बाजूला ठेवला तरच, नमुना चुकीचा पाठवला का, दर न समजावता सांगितला का, हे थंड डोक्याने तपासता येते. एका नकारातून काही सिद्ध होत नाही. एकाच कारणाने आलेले पाच नकार मात्र दखल घेण्यासारखे असतात, आणि सुधारणा अधिकाराच्या हद्दीत येत असल्याने ती टाळण्याची मुभा गीता देत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप निराळाच आहे: हे तत्त्वज्ञान अन्याय गिळायला शिकवते. विमानतळ सुरू होण्याआधीपासून पेडण्यातल्या टॅक्सीवाल्यांनी तिथे आपल्याला जागा मिळावी म्हणून आंदोलन केले. ते फळावरची आसक्ती सोडून घरी बसले असते तर बरे झाले असते का? नाही. एका प्रवाशाने दुसरी गाडी निवडणे आणि एका संपूर्ण गटाला दारातच थांबवले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भक्तिपरंपरेला हा फरक पुरता ठाऊक होता. चोखोबांना पंढरपूरच्या मंदिरात प्रवेश नव्हता. त्यांनी तो नकार न्याय्य म्हणून स्वीकारला नाही. त्यांच्या अभंगांतून त्याचा जाब थेट विठ्ठलाला विचारला गेला आहे. भक्ती अढळ आणि तक्रारही अढळ, अशी ही भूमिका आहे. तसेच केलेल्या कामाचे पैसे थकवले तर ते ‘फळ’ नसते, ती उधारी असते, आणि उधारी मागणे म्हणजे आसक्ती नव्हे. सुट्या आणि ॲपवरच्या कामगारांची दखल तर सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ने कायद्यातही घेतली आहे.

तेव्हा प्रत्येक नकारापाशी आधी विचारावे: हा व्यवहाराचा नकार आहे की व्यवस्थेचा? व्यवहाराचा असेल तर कामातला दोष तपासून पुढच्या दारी जावे, स्वतःला कमी लेखू नये. व्यवस्थेचा असेल तर एकट्याने कुढत न बसता संघटित होऊन भांडावे. आणि मित्राला काम मिळाले नाही असे कळले, तर त्याला गीता ऐकवण्याआधी या महिन्याचा हप्ता कसा भागणार, ते विचारावे.