नाल्यापलीकडचं वावर

रिसोड तालुक्यातल्या एका गावात शेतकरी गटाने ठरवलं, अतिवृष्टीत ज्यांचं सोयाबीन गेलं त्यांना हरभऱ्याचं बियाणं फुकट द्यायचं. यादीचं काम अमरावतीला कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोराकडे आलं. वहीच्या एका पानावर भागलं असतं. पण त्याने घरच्या जुन्या डेस्कटॉपवर नुकतंच एसडब्ल्यूआय-प्रोलॉग टाकलं होतं. १९७२च्या सुमारास फ्रान्समधल्या मार्सेयला जन्मलेल्या प्रोलॉग या भाषेत काम कसं करायचं ते सांगत नाहीत. माहिती आणि नियम लिहायचे, मग प्रश्न विचारायचा. देवनागरीतही चालतं. पारावर ऐकलेली नावं त्याने 'नुकसान' म्हणून भरली. खाली नियम लिहिला: ज्याच्या सोयाबीनचं नुकसान झालं, तो पात्र.

नाल्यापलीकडच्या काकू विचारायला आल्या. त्यांचं नाव टाकलं. उत्तर आलं, फॉल्स.

"काकू, मशीन नाही म्हणते."

काकू काही न बोलता निघून गेल्या. आजी मुगाच्या शेंगा सोलत होती. "तिच्या वावरात कोन गेल्तं पाहाले?"

"कोणीच नाही. नाल्याला पाणी होतं."

"मंग हे डबडं नाही काहून म्हन्ते?"

पोराने समजावलं. जे सिद्ध होत नाही ते प्रोलॉग खोटं धरतं. संगणकशास्त्रज्ञ कीथ क्लार्क यांनी १९७८मध्ये हे शास्त्रशुद्ध मांडलं. रीत तशी सोयीचीच. एसटीच्या वेळापत्रकात नसलेली गाडी आपणही नाहीच समजतो. पण वेळापत्रक पुरं असतं म्हणून.

"आता त्याले विहिरीचं विचार."

विहिरींबद्दल त्याने एक अक्षर भरलं नव्हतं. प्रश्न टाकला, तर फॉल्स आलंच नाही. मशीनने चूक दाखवली: असलं काही मला कोणी सांगितलेलंच नाही.

आजी हसली. "काहीच ठाव नव्हतं तं कबूल केलं. चार नावं कानावर पडली अन् लागलं पाटिलकी कराले!"

पोराने 'पाहिलं' अशी नवी, अजून रिकामी यादी जाहीर केली आणि उत्तरं तीन केली: पात्र, अपात्र, पाहायचं बाकी. पुन्हा चालवलं तर सगळं गाव 'बाकी'त गेलं. पारावरची नावंसुद्धा.

पाणी ओसरल्यावर तो नाल्यापलीकडे गेला. काकूंच्या सोयाबीनला शेंगांतच कोंब फुटले होते. येताना पारावरच्या दोघांची वावरं लागली. त्यांचं पीक धड उभं होतं.