न ऐकलेला सल्ला

“कुलवृत्तांताची सारी टिपणे संगणकात आहेत, त्यांची एक प्रत बाहेर काढून ठेवा,” असे आम्ही एका स्नेह्यांना दोनदा सुचविले. त्यांनी मनावर घेतले नाही. पुढे हार्ड डिस्क बिघडली आणि वीस वर्षांचे श्रम गेले. “आम्ही सांगितले होते,” हे शब्द ओठांवर आले. खरे सांगायचे तर मनात किंचित समाधानही होते.

शासकीय सेवेत नस्तीवर शेरा लिहिला की आपण मोकळे, अशी सवय जडते. शेरा लिहिणाऱ्याला वाचवतो. कार्याला वाचवतोच असे नाही.

तुलना फार विषम आहे, परंतु याच भोपाळात पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ मध्ये ‘रपट’ साप्ताहिकातून युनियन कार्बाइडच्या कारखान्याविषयी इशारे दिले. दुर्लक्ष झाले, तरी जून १९८४ मध्ये त्यांनी ‘जनसत्ता’त पुन्हा लिहिले. त्याच डिसेंबरात हजारो माणसे गेली. तेथे खरे ठरण्यात कसले समाधान?

सल्ला ऐकणाऱ्याच्या हितासाठी असतो, आपल्या शहाणपणाच्या नोंदीसाठी नव्हे. तो मानला गेला नाही, तर अधिक सोप्या शब्दांत पुन्हा सांगावा. शक्य तेथे स्वतः हात लावावा. ती प्रत काढायला आम्हांला दहा मिनिटे पुरली असती.